सरांनी परवानगी दिली म्हणे

आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती. दुपारपासून डोकं तापलं आहे, रात्रीचे साडेदहा झाले तरी उतरत नाही म्हणून लिहून टाकते. लांब होणार आहे, आधीच सांगते.

गावात कार्यक्रम होता. फोटोला हार, पोरींची भाषणं, आणि मग कर्तबगार महिलांचा सत्कार. त्यात आम्ही तिघी, मी, आमच्या शाळेतल्या मॅडम आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याहून सायकलवर निघून सुरतेच्या डुमसपर्यंत गेलो, डोंगर ते समुद्र, सात दिवस, सहाशे किलोमीटरच्या आसपास, त्याबद्दल. सत्काराला माझी ना नव्हती. बरं वाटलं होतं उलट, कपाटातली चांगली साडी काढून नेसून गेले होते. तर माईकवरचे साहेब म्हणाले, "या रणरागिणींच्या पाठीशी जे खंबीरपणे उभे राहिले, ज्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली, त्यांचा सत्कार आधी करू या." आणि शाल-नारळ ह्यांना. मग मॅडमच्या मिस्टरांना. सिस्टरचे मालक वारून आठ वर्षं झाली, तर तिच्या पोराला स्टेजवर बोलावलं. एकोणीस वर्षांचं पोरगं! आईला परवानगी दिली म्हणून त्याच्या खांद्यावर शाल! ते बिचारं लाजून अर्धं झालं, खाली पाहत उभं राहिलं. शाली तीनच आणल्या होत्या. आम्हाला गुलाबाचं एकएक फूल आणि प्रमाणपत्र.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनीही वाजवल्या. मीही हसून फोटो काढून घेतला, ते आता जास्त लागतंय.

आणि कार्यक्रम संपल्यावर आमच्या नववीतली एक पोरगी आली, सायकलचं हँडल हातात धरूनच, म्हणे, "मॅडम, सरांनी नाही म्हटलं असतं तर?" सर म्हणजे आमचे हे.

मी काय बोलले माहीत आहे? "अगं सर कशाला नाही म्हणतील." हे उत्तर झालं का? पोरीनं मान डोलावली आणि निघून गेली.

घरी आल्यावर मला कोंडाईबारीचा घाट आठवला, म्हणजे तसा तो रोजच आठवतो. पाचवा दिवस होता. धुळ्याहून सकाळी निघालो, साक्री मागं टाकली, घाट उतरायच्या आधी आम्ही कडेला थांबलो, ब्रेकचे रबर पाहून घ्यायला. तिथंच एक ट्रक उभा होता, ऊसतोडीचा. बाया, माणसं, लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळा संसार भरलेला. बारडोलीकडच्या कारखान्यांवर चालले होते, दरवर्षी दिवाळी झाली की हा सगळा भाग तिकडं रिकामा होतो. एक बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहानच असेल, मांडीवर लेकरू, वरून मला हेल्मेटपासून बुटापर्यंत पाहत होती. अहिराणी वळणाचं काही बोलली, मला कळलं ते एवढं, "तुले कोनी धाडं वं बाई?"

कोणी पाठवलं तुला.

आणि मी म्हटलं, "घरी मालकांना विचारून आले."

तिनं विचारलं काय, मी सांगितलं काय. विचारायची गोष्टच झाली नव्हती घरी. मी ह्यांना विचारलं नव्हतं हो, सांगितलं होतं! जुलैमध्ये, भाकरी टाकता टाकता, की आम्ही तिघी दिवाळीत समुद्रापर्यंत जाणार आहोत. हे म्हणाले, "सायकलनं? बरं. टायर बदलून घे मग." बस. एवढंच संभाषण. यात परवानगी कुठं आली? आणि तरी सहाशे किलोमीटरपैकी चारशेच्या वर पाय मारून झालेले, मांड्या दगड झालेल्या, आणि तोंडातून निघालं ते हेच. माईकवरच्या साहेबांवर मी आज चिडले, पण तो शब्द माझ्या तोंडात त्यांनी नव्हता घातला, तो आधीच होता.

असो. प्रवासाबद्दल तिथं एका शब्दानं कोणी विचारलं नाही, तर इथं सांगते. चिखलदराच का आणि सुरतच का, हे तरी विचारायचं होतं. मी भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर काढते, चिखलदऱ्याच्या डोंगराच्या उत्तरेला पडलेलं पाणी सिपना नदीतून तापीत जातं, दक्षिणेला पडलेलं चंद्रभागेतून (पंढरपूरची नाही, आमच्याकडची) दर्यापूरवरून पूर्णेत, आणि पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे डोंगराच्या कोणत्याही अंगाला पडू दे, पाणी सुरतेलाच समुद्रात. आपल्या बाकीच्या विदर्भाचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, आपलं तेवढं अरबी समुद्राला. वीस वर्षं फळ्यावर ती निळी रेघ ओढली आणि स्वतः कधी तिच्या शेवटापर्यंत गेले नाही. म्हणून जायचं होतं. एवढं साधं कारण आहे.

सायकली छोट्या हत्ती टेम्पोत टाकून वर नेल्या. साडेतीन हजार फुटांवर पहाटे बोटं गारठून ब्रेक दाबले जाईनात. धामणगाव गढीकडचा उतार उतरताना सिस्टर मोठमोठ्यानं गात होत्या, सागाच्या जंगलात, मी त्यांना एवढ्या वर्षांत कधी गाताना ऐकलं नव्हतं. मग परतवाडा, अंजनगाव, अकोट, दोन्ही बाजूला पांढराशुभ्र कापूस, वेचणीच्या बाया ओळीनं, आणि त्या हात वर करून विचारायच्या, "कुठं व बाई?" मी ओरडायची, "समुद्रावर!" त्या हसायच्या. त्यांच्यातल्या एकीनंही विचारलं नाही कोणाला विचारून. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पहिला मुक्काम घरीच, कारण आमचं गाव वाटेतच, पूर्णेच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात. सासूबाई पहाटे चारला उठल्या होत्या. त्यांना सायकलीचं काहीएक पटलं नव्हतं, महिनाभर धड बोलल्या नव्हत्या. पण उठून पाहते तर ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि तिघींना वेगवेगळी फडकी बांधून ठेवलेली. म्हणाल्या, "रस्त्यानं खारं पानी पिऊ नोको." बस एवढंच. सत्कार करायचा तर ह्या बाईचा करा ना! ७२ वर्षांची बाई, जिला पटलं नाही तरी चारला उठली. तिला तर कोणी बोलावलंही नव्हतं आज.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याचा आधार लागतोच की. लागतो. सात दिवस ह्यांनी घर सांभाळलं, पोराचा डबा, आईच्या गोळ्या, सगळं, मी नाकारत नाही. पण ह्यांच्या मित्रांबरोबर हे दरवर्षी चार दिवस देवदर्शनाला जातात तेव्हा घर कोण सांभाळतं? त्याची शाल आली का माझ्याकडं कधी?

आणि ते "हायवेवर बाया सुरक्षित नसतात" वालं. हो, नसतात, मान्य. पण सात दिवसांत आम्हाला त्रास कशाचा झाला सांगू? माणसांचा फार कमी. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यांच्या आतल्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला विखुरलेल्या असतात, डोळ्याला दिसतच नाहीत, आणि सायकलवाल्याला कडेनंच चालावं लागतं. मलकापूर ते जळगाव एका दिवसात चार पंक्चर. मॅडमनी शेवटी भुवया उपटायचा चिमटा काढला पर्समधून आणि टायरमधून तार ओढली, त्यानंतर तो चिमटा हँडलच्या पिशवीतच राहिला. आणि दुसरा त्रास बाथरूमचा. पेट्रोल पंपावर जायचं, चावी मागायची, चावी साहेबांकडे, साहेब जेवायला. माझी तिसऱ्या दिवशी पाळी आली, त्या दिवशी मी दोन पंपांवर चावीसाठी उभी राहिले आणि दोन्हीकडून तशीच निघाले, शेवटी एका केळीच्या बागेत गेले. तिथल्या कामावरच्या आजीबाईनं बादलीभर पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं पाठ करून, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली आडोशाला. हे सांगायला लाज वाटायची, आज नाही वाटत. माईकवरच्या साहेबांनी यावर बोलायचं होतं, महिला सक्षमीकरण म्हणत होते ना सारखे.

चांगदेवला संगमावर अर्धा तास नुसत्या बसलो. पूर्णा आणि तापी. फळ्यावर दोन रेघा मिळतात तशा नाही मिळत हो नद्या, एवढं पसरलेलं संथ पाणी, कुठली कोणती कळत नाही. मला रडू आलं तिथं. मॅडमनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, ऊन.

पुन्हा त्या ट्रकवरच्या बाईकडं येते, कारण अर्धंच सांगितलं मघाशी. मी "मालकांना विचारून आले" म्हटल्यावर ती हसली, बरोबरची गोष्ट ऐकल्यासारखी. मग म्हणाली, "आमले मुकादमनी धाडं." मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल, आगाऊ पैसे, घेतलेली असते ना त्यांनी पावसाळ्यातच, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. तिनं ते रडत नाही सांगितलं, सहज सांगितलं. माझं मालकांनी, तिचं मुकादमानं. एकाच रस्त्यानं एकाच दिशेला चाललो होतो आम्ही. मग ट्रक सुरू झाला, तिनं लेकराचा हात धरून हलवला, टाटा करायला लावलं. घाट उतरताना सगळा वेळ तो ट्रक माझ्या पुढं होता, विसरवाडीपर्यंत, मग दिसला नाही.

मी तिला खरं सांगायला पाहिजे होतं. "कोणी नाही धाडलं, मीच आले." काय झालं असतं? काहीच नसतं झालं. पण तिनं ते वाक्य एका बाईच्या तोंडून ऐकलं असतं ना एकदा. आणि आज तीच संधी नववीतल्या पोरीनं दिली, आणि आजही मी तेच केलं. दोनदा, दोन महिन्यांत.

बारडोलीला मुक्काम केला तेव्हा रात्री मॅडम म्हणाल्या, १९२८ चा सत्याग्रह झाला तेव्हा वल्लभभाईंना सरदार म्हणायला इथल्या बायांनी सुरुवात केली असं सांगतात. इतिहास शिकवतात त्या. आज सत्कारात त्यांच्या शेजारी उभी होते, तेव्हा त्यांचा हात एवढा गार पडला होता.

आणि डुमस. काळी रेती, भरती ओसरलेली, पाणी लांब गेलेलं, चिखलात सायकली ढकलत गेलो. तापी जवळच समुद्राला मिळते. मी ओंजळ घेऊन तोंडाला लावली. मॅडम ओरडल्या, पण मला पाहायचंच होतं. आमच्या गावचं बोअरचं पाणी मचूळ असतं, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, गावात किडनीचे पेशंट घराघरात आहेत. १९३० साली आमच्याच भागात दहीहंडा गावी लोकांनी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह केला होता, समुद्र नव्हता म्हणून अडले नाहीत. पण समुद्राचं पाणी आमच्यासारखं नाही. ते सरळ खारट आहे, एकदम, आरपार. खूप वेळ जिभेवर राहिलं. सिस्टर पाण्यात साडेतीन तास... नाही, अर्धा तास असेल, उभ्या राहिल्या गुडघाभर, सलवार भिजवून, नुसत्या. त्यांचे मालक त्यांना लग्नानंतर मुंबईला नेऊन समुद्र दाखवणार होते, ते राहून गेलं. पोराला शाल देणाऱ्यांना हे माहीत आहे का?

मघाशी हे आले खोलीत. शाल दिवाणावर पडली होती तशीच. म्हणाले, "मले तरी काय मायीत होतं तिथं काय बोलून रायले ते. नाव घेतलं, उठलो." मी म्हटलं, "नाही म्हणता आलं असतं." बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आलं असतं." मला वाटलं होतं भांडतील. भांडले नाहीत, त्यामुळं आता मला त्यांच्यावर पूर्ण चिडताही येत नाहीये. सकाळी जाऊन शाल परत देऊन येतो म्हणाले. मी म्हटलं मीही येते, बोलायचं मला आहे.

तर बाळा, दुपारी मला विचारणाऱ्या नववीतल्या पोरी, तू फेसबुकवर नाहीस पण तुझी आई आहे, तिनं वाचून दाखवावं. सरांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. चार दिवस, आठ दिवस. रडले असते. आणि मग गेले असते का? मला वाटतं गेले असते. जुलैमध्ये छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं, आज सांगते, गेले असते.

तुम्हा पोरींच्या सायकली मी रोज शाळेच्या स्टँडला पाहते, सरकारच्या मानव विकास योजनेतून आठवीत मिळालेल्या. सगळ्यांच्या सीट एकदम खाली. घरचे म्हणतात दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पोरगी पडायला नको. मग गुडघे छातीशी येतात, जोर लागत नाही, दोन किलोमीटरवर दम लागतो आणि वाटतं आपल्याला सायकल जमत नाही. परवापासून तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी येणार आहात ना सकाळी, पावणेसहाला, पूर्णेच्या पुलापर्यंत आणि परत. पाना मी आणते. आधी सीट वर करू.