फ्लॅटबेड बसवल्याने टोइंग कपॅसिटी वाढत नाही, तो मेसेज कृपया थांबवा

अमेरिकेतल्या आपल्या आरव्हीवाल्या (राहण्याची सोय असलेल्या गाड्या-ट्रेलरवाल्या) ग्रुप्समधे एक मेसेज फिरतोय, की पिकअपचा बेड (मागचा माल ठेवायचा हौदा) काढून स्टीलचा फ्लॅटबेड (बाजू नसलेला सपाट डेक) टाकला की ट्रक जास्त वजन ओढतो आणि फिफ्थ व्हील हिच (मोठा ट्रेलर ट्रकच्या बेडमधे जोडायची कडी) डेकवर कुठेही बोल्ट केली तरी चालते. दोन्ही चूक आहे, आणि दुसरं तर जिवावर बेतणारं आहे.

ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर बघा, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट ट्रकचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा) तिथे कंपनीने ठरवलेला असतो, बेड बदलून तो बदलत नाही, उलट फ्लॅटबेड जुन्या बेडपेक्षा जड असेल तर तेवढा पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) कमीच होतो. फिफ्थ व्हील ट्रेलरचं साधारण 15 ते 25 टक्के वजन पिनवर (ट्रेलरचा हिचमधे बसणारा खिळा) येतं, म्हणजे 12,000 पौंडाच्या ट्रेलरचे 20 टक्के धरले तरी 2,400 पौंड थेट ट्रकवर. म्हणून हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे हवी, आणि तिचा भार चॅसिसच्या फ्रेमवर जायला हवा, नुसत्या डेकच्या पत्र्यावर नाही.

अजून एक, फ्लॅटबेडचा डेक उंच असतो, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर जातं आणि ट्रेलरच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त लोड येतो, तेव्हा हिचची उंची जुळवून ट्रेलर लेव्हल करा आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन करून घ्या.

तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.