जक्कयाचा हिशेब आणि माझा सातबारा

जय ख्रिस्त. पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या पाळकसाहेबांना अचानक गावी जावं लागलं आणि शुक्रवारच्या प्रार्थनासभेचा संदेश माझ्या गळ्यात पडला. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, त्यामुळे विषय पश्चात्ताप हे ठरलेलंच. मी बायबलातला जक्कय घेतला. संडे स्कूलपासून पाठ असलेली गोष्ट: बुटका जकातदार, उंबराचं झाड, "त्वरा करून खाली ये." वीस मिनिटं सहज निघतील म्हटलं. तयारीला बसलो आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर जो अडकलो, तो अडकलोच.

जक्कय रडला असं लूकने कुठंही लिहिलेलं नाही. तो उभा राहतो आणि आकडे सांगतो. निम्मं गोरगरिबांना, आणि ज्याचं लुबाडून घेतलं असेल त्याला चौपट परत. हे चौपट कुठून आलं म्हणून मागं जाऊन बघितलं. जुन्या करारात गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे की आपला अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम भरावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. चौपटीचा नियम निर्गम या पुस्तकात आहे, मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी किंवा विकणाऱ्यासाठी. म्हणजे या माणसाला सवलतीचं कलम उपलब्ध होतं. त्याने स्वतःला चोराचं लावून घेतलं.

आपला 'पश्चात्ताप' हा शब्दच थोडा घात करतो असं मला वाटायला लागलंय. पश्चात् ताप, नंतरची होरपळ. मग होरपळलं की काम झालं असं वाटतं. हिब्रू संदेष्टे वापरतात तो शब्द साधा आहे, परत फिरणे. वाट चुकलेला माणूस माघारी वळतो तसं. ताप कितीही चढला तरी माणूस खाटेवरच पडून राहू शकतो.

आणि आम्ही पडून राहतो. संजीवन सभांत, म्हणजे विश्वास नव्याने जागवायच्या सभांत, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातलं १९०५ सालचं संजीवन हमखास निघतं. मुलींचं रडणं, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना. त्याच आवारात रमाबाईंनी शेती उभी केली, माग बसवले, छापखाना चालवला, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना पोटाशी धरलं, त्यावर सहसा कुणी बोलत नाही. आम्हाला फक्त अश्रू हवे असतात, कारण त्यांना खर्च येत नाही.

आता मूर्तींबद्दल. हा शब्द निघाला की आमच्यातले काही लोक लगेच शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवतात. मला ते कधीच पटलं नाही, आणि शास्त्राचा रोखही तिकडे नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौदाव्या अध्यायात देव ज्यांच्यावर रागावलाय ते इस्राएलाचे वडीलधारे आहेत, संदेष्ट्यासमोर अदबीने बसलेले, आणि त्यांच्या मूर्ती त्यांच्या मनात आहेत. प्रेषित पौल तर कलस्सैकरांना पत्रात सरळच लिहितो की लोभ ही मूर्तिपूजाच आहे. शेजारच्या काकू सकाळी देवाला फूल वाहतात तेव्हा मी काय करत असतो? फोनवर जमिनीचे भाव बघत असतो.

बाकीची यादी तुम्हाला ठाऊक आहे. पोराचं पॅकेज, कॅनडात कायम राहायचा परवाना, चर्चच्या कमिटीची निवडणूक (त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल, आणि लिहिली की आमंत्रणं बंद होतील). आमच्या 'साक्षी' ऐका कधीतरी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत उभं राहून सांगतात त्या. प्रभूने फ्लॅट दिला, प्रभूने गाडी दिली, व्हिसा दिला. प्रभूने मला काही सोडून द्यायला लावलं, अशी साक्ष शेवटची कधी ऐकली?

मी आता तीच देतोय.

आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. पगारातून पै-पै साठवून त्यांनी पावणेदोन एकर घेतली. वडील गेले, मग आई गेली, राहिलो मी आणि ताई. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, दोघांना समान वाटा. हिंदू बहिणींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मुलींना तो आहे, आणि तरी आपण काय करतो? साडी घेतो, बहिणीला निबंधक कार्यालयात नेतो आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो.

मीही नेलं. "तुझं लग्न करून दिलं ना," म्हणालो. ताई नर्स, नाइट ड्युटी करून थेट तिकडे आली होती. कागद वाचला नाही, सही केली. वर मी शास्त्रही ऐकवलं होतं: एक जण येशूकडे भावाशी वाटणी करून द्या म्हणून आला, तर प्रभू म्हणाला, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? लूक, बारावा अध्याय. त्याच्या लगेच पुढचं वचन मी ऐकवलं नव्हतं. तिथे प्रभू म्हणतो, सर्व प्रकारच्या लोभापासून स्वतःला जपा. आणि त्यापुढे येतो तो कोठारं पाडून मोठी कोठारं बांधणारा श्रीमंत.

रस्ता रुंद झाला, भाव कुठल्या कुठे गेला. माझ्या सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव. दर रविवारी मी पहिल्या बाकावर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर कुणाला वाटेल की हिशेब चुकता केला की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं. जक्कयाने काहीही कबूल करण्याआधी येशू म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी पाहुणा घरी येतो, मुठी नंतर सुटतात. विश्वास म्हणजे मला आता एवढंच कळतंय, की जमीन धरून ठेवली नाही तरी मी बुडणार नाही. आणि हे मला बाप्तिस्म्याच्या दाखल्यात मिळालं नव्हतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला, असं त्यांनी स्वतःबद्दल नंतर कबूल केलं, आणि मधे साधारण आठ वर्षं गेली होती. माझी तर बेचाळीस गेली.

शुक्रवारचा संदेश मी दिला नाही. फक्त उतारा वाचला, गीत म्हटलं आणि घरी आलो. बायकोला सांगितलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिचंही बरोबर आहे, त्या जमिनीवर मुलीच्या शिक्षणाचं गणित मांडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "नुसतं ताईचं निम्मं, की वर पाचवा हिस्सा धरून?" जक्कयाइतकी छाती माझी नाही. चौपट नाही, तिचं निम्मं आणि वर पाचवा हिस्सा, तिथेच थांबलो. वकिलाने सांगितलं, बक्षीसपत्र करा.

मग ताईला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, तरी अडखळलो. पलीकडे बराच वेळ वॉर्डातले आवाज येत होते. ती रडेल असं वाटलं होतं, निदान रागावेल तरी.

"बरं," ती म्हणाली. "दस्त कधी करायचा ते सांग. गुरुवारी माझी सुट्टी असते. आणि या वेळी कागद मी आधी घरी नेऊन वाचणार."