विमानातून सोडलेलं रॉकेट काही फुकट उडत नाही

गावाच्या ग्रुपवरचा एक मेसेज मोठ्या बाबांनी मला वाचून दाखवला आणि वर विचारलं, "मंग आपले इस्रोवाले एवढा खर्च कायले करते?" मेसेज थोडक्यात असा: अमेरिका विमानातून रॉकेट सोडते, त्याला इंधन जवळपास लागत नाही, इस्रो जमिनीवरून उडवून पैसे जाळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत पडलेली धातूची रिंग अशाच विमानी रॉकेटची होती. त्यानेच ढग पांगतात आणि पाऊस जातो. आणि तुकडा सापडला तर कोणाला सांगू नका, धातू लाखांत विकला जातो. शिकलेल्या पोरांनीही हे पुढे पाठवलं, म्हणून लिहितो.

आधी इंधन. उपग्रह वर टिकतो तो उंचीमुळे नाही, वेगामुळे. मचाणावर चढून गोफण फिरवली तरी दगड शेवटी खालीच येतो. तो किती लांब जाईल हे वेग ठरवतो. पृथ्वीभोवती फिरत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. विमान देतं ताशी साडेआठशे-नऊशे, म्हणजे जेमतेम ३ टक्के. उरलेला सगळा वेग रॉकेटलाच आपलं इंधन जाळून गाठावा लागतो.

एवढं मात्र मान्य करतो, की १२ किलोमीटरवर हवा विरळ असते, तिचा अडथळा कमी होतो, थोडं इंधन वाचतं. विमान ढग चुकवून समुद्रावर हव्या त्या जागी नेता येतं. फायदा इथे संपतो.

आता अमेरिकेचं बघा. पेगॅसस हे असं विमानातून सुटणारं रॉकेट १९९० मध्ये पहिल्यांदा उडालं. वजन सुमारे २३ टन, आणि कक्षेत नेतं जास्तीत जास्त साडेचारशे किलोच्या आत. नासाने आयकॉन नावाच्या, तीनशे किलोही न भरणाऱ्या उपग्रहासाठी या रॉकेटला सुमारे ५.६ कोटी डॉलर मोजले. इंधन फुकट असतं तर एवढे पैसे कशाचे? व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी बोइंग ७४७ विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडायची; २०२३ च्या जानेवारीत तिचं एक उड्डाण फसलं आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट ३२० टनांचं, चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ तर ६४० टनांचं. जगातलं सगळ्यांत मोठं मालवाहू विमान, युक्रेनचं आन्तोनोव-२२५, अडीचशे टनांच्या आसपास उचलायचं, आणि तेही २०२२ च्या युद्धात नष्ट झालं. मग ही रॉकेटं टांगणार कोणत्या विमानाला?

ढगांचं एका ओळीत. पंखाला नळकांड्या लावलेली विमानं २०१५ मध्ये मराठवाड्यात फिरली हे खरं, पण ती कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची होती. ढगात मिठासारखे कण सोडतात, रॉकेट नाही. रोवणी खोळंबली की राग येतो हे कळतं, पण त्यात रॉकेटचा दोष नाही.

सगळ्यांत वाईट मुद्दा तुकड्यांचा. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी आकाशात पेटते गोळे दिसले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत माणसापेक्षा मोठी धातूची रिंग पडली. जवळच्या गावात धातूचा गोळाही सापडला. अभ्यासकांच्या मते हे तुकडे बहुधा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे. हे रॉकेट जमिनीवरूनच उडतं, विमानाचा काही संबंध नाही. आणि अशा टाक्यांत कधी कधी हायड्राझीनसारखं इंधन राहतं. ते अत्यंत विषारी असतं, वाफही फुप्फुसाला घातक. तो गोळा घरच्या सपरीत ठेवून, पोरांना वर बसवून, भंगारवाल्याची वाट पाहायला लावणारा हा मेसेज आहे! लाडबोरीच्या लोकांनी लगेच कळवलं, पोलीस आले, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही पाहणीला आले. आपल्याकडे काही पडलं तर हात लावू नका, लेकरं-ढोरं दूर ठेवा आणि पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला फोन करा. मोठ्या बाबांनी मेसेज ग्रुपवरून काढला. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनीही काढावा.