लडाख स्काउट्सचा जन्म कारगिल युद्धातला नाही

जुलै संपत आला, कारगिल विजय दिन जवळ आला, की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: कारगिलच्या उंचीवर आपल्या जवानांचा टिकाव लागेना, तेव्हा लष्कराने लडाखी मेंढपाळांना आणि वाटाड्यांना गोळा करून एक तुकडी उभी केली, तीच लडाख स्काउट्स. ही सगळी बौद्ध मुलं. डोंगरातच जन्मल्यामुळे त्यांना थंडी बाधत नाही की विरळ हवा. त्यांच्यातल्याच मेजर सोनम वांगचुक यांना महावीरचक्र मिळालं आणि पुढे त्यांनी बर्फाचे स्तूप बांधले. शेवटी सलाम, तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’.

लिहिणाऱ्याच्या मनात आदर आहे, यात शंका नाही. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि प्रत्येक चुकीने त्या माणसांच्या पदरातलं काहीतरी काढून घेतलं आहे. म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

‘कारगिल युद्धात ही तुकडी उभी राहिली.’

ही सगळ्यात मोठी चूक. हिने पन्नास वर्षं पुसली जातात.

१९४७ च्या नोव्हेंबरात गिलगिट स्काउट्स या तिथल्या स्थानिक दलाने बंड केलं आणि गिलगिट हातचं गेलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये गिलगिट आणि लेहच्या मधल्या स्कार्दूला वेढा पडला. सिंधूच्या खोऱ्यातून लेहकडे येणारी वाट उघडी होती आणि लेहमध्ये अडवायला नाव घेण्याजोगी फौज नव्हती. अशा वेळी दुसऱ्या डोग्रा बटालियनमधले मेजर पृथी चंद ऐन हिवाळ्यात, फेब्रुवारीत, काश्मीर आणि लडाख यांच्यामधली झोजी ला खिंड ओलांडून मूठभर स्वयंसेवकांसह निघाले आणि मार्चमध्ये लेहला पोहोचले. ते स्वतः लाहौलचे. बर्फातली वाट त्यांच्या अंगवळणी होती, पण फेब्रुवारीतला झोजी ला ही तिथल्या माणसासाठीही जिवावरची गोष्ट होती. बरोबर बंदुका होत्या, त्या लडाखी तरुणांच्या हाती द्यायच्या होत्या. अभियंते सोनम नोरबू यांनी लेहला धावपट्टी तयार करून घेतली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तिथे डाकोटा विमान उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या बसले होते. त्याच सुमारास कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेलं. म्हणजे विमानातून कुमक येईपर्यंत लेह ज्यांनी धरून ठेवलं, त्यांत पृथी चंदांनी हाताशी धरलेले स्थानिक तरुण होते.

त्यातला एक मुलगा नुब्रा खोऱ्यातल्या सुमूर गावचा. चेवांग रिंचेन. वय सतरा. त्याने आपल्या खोऱ्यातली पोरं जमवली. यांनाच पुढे नुब्रा गार्ड्स म्हणू लागले. सतरा वर्षांच्या मुलाने श्योक नदीच्या काठी शत्रूला थोपवून धरलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीन दिवस बर्फात चढून वरच्या ठाण्यांवर हल्ला केला. चढताना त्याच्या प्लाटूनमधल्या निम्म्या माणसांना हिमदंश झाला. ठाणी घेतलीच. या मोहिमेसाठी त्याला महावीरचक्र मिळालं. इतक्या लहान वयात ते मिळवणारा दुसरा कोणी आजवर झालेला नाही.

नुब्रा गार्ड्स पुढे जम्मू-काश्मीर मिलिशिया या स्थानिक दलाच्या सातव्या बटालियनमध्ये आले. १९६२ मध्ये चिपचाप आणि दौलत बेग ओल्डीच्या बाजूला चिनी सैन्याला सामोरे गेलेल्यांत याच मिलिशियाची चौदावी बटालियन होती. त्या युद्धानंतर, १ जून १९६३ ला, सातवी आणि चौदावी बटालियन मिलिशियातून वेगळी काढून लडाख स्काउट्स उभी केली गेली. कारगिलच्या वेळी या दलाचं वय छत्तीस होतं. नुब्रा गार्ड्सपासून मोजलं तर एक्कावन्न.

गोंधळ होतो तो २००० सालामुळे. कारगिलमधली कामगिरी पाहून १ जून २००० ला लडाख स्काउट्सना पायदळाच्या पूर्ण रेजिमेंटचा दर्जा मिळाला. दर्जा बदलला, म्हणजे जन्म तेव्हा झाला असं होत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची रेजिमेंट म्हणून बांधणी १९२२ मध्ये झाली, तरी ती आपला इतिहास १७६८ पासून मोजते, आणि आपण कोणी त्याला हरकत घेत नाही. लडाख्यांना तोच न्याय लावायला हवा.

‘वाटाडे होते, लष्कराने त्यांना हाताशी धरलं.’

या विधानाचं मूळ बहुधा ‘स्काउट्स’ या शब्दात असावं. आपल्याकडे तो शब्द ऐकला की शाळेतलं पथक आठवतं, नाहीतर पुढे जाऊन वाट दाखवणारा माणूस. सरहद्दीवरच्या सैन्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्या भागात लढायचं त्याच भागातून भरती झालेलं, हलकं, चपळ, लहान तुकड्यांनी लढणारं दल म्हणजे स्काउट्स. लडाख स्काउट्सची रचनाही त्यानुसार होती. इतर पायदळासारख्या बटालियन नव्हत्या, इंडस विंग आणि काराकोरम विंग अशा विंग होत्या, आणि त्यांच्या कंपन्या लांबलांबच्या खोऱ्यांत स्वतंत्रपणे तैनात असत.

हे वाटाड्यांचं काम होतं की सैनिकांचं, याचं उत्तर १९७१ देतं. रिंचेन तेव्हा मेजर होते. युद्ध सुरू झालं तेव्हा श्योकच्या खालच्या अंगाला चालुंका, तुर्तुक, त्याक्षी, थांग ही गावं पाकिस्तानच्या ताब्यात होती. सरळ रस्ता नदीकाठाने जातो, आणि शत्रूचे मोर्चे त्या रस्त्यावर डोळा ठेवून होते. रिंचेन वरून गेले. आधी १८,४०२ फुटांच्या शिखरावरचं ठाणं घेतलं, आणि मग एकेक करत खाली गावांकडे उतरले. डिसेंबरात, तिथल्या थंडीत. १७ डिसेंबरला युद्ध थांबलं तेव्हा सुमारे ८०० चौरस किलोमीटर मुलूख भारताकडे आला होता. पुढच्या वर्षी सिमला करार झाला, तरी तो परत गेला नाही. आज पर्यटक तुर्तुकला जाऊन जर्दाळू खातात, ते या दहा-बारा दिवसांमुळे.

रिंचेन यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. दोनदा महावीरचक्र मिळालेली माणसं भारतात फक्त सहा. मराठी वाचकाला त्यातलं जनरल अरुणकुमार वैद्य हे नाव लगेच आठवेल, आणि आठवायलाच हवं. त्याच यादीत, त्याच ओळीत, सुमूरच्या या माणसाचं नाव आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी ते ऐकलं आहे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलणारी गोष्ट ही आहे. श्योकवरच्या १४,००० फुटांहून उंचावरच्या पुलाला २०१९ मध्ये कर्नल चेवांग रिंचेन यांचं नाव दिलं गेलं, एवढं तरी झालं.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचीनच्या खिंडी ताब्यात घेणारी ऑपरेशन मेघदूत ही मोहीम सुरू झाली. तिथेही चौथ्या कुमाऊँ बटालियनच्या बरोबरीने लडाख स्काउट्सचे जवान होते. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रपती कोविंद यांनी लेहला जाऊन रेजिमेंटच्या पाचही बटालियन आणि केंद्राला निशाण प्रदान केलं. वाटाड्यांच्या गटाला राष्ट्रपतींचं निशाण मिळत नसतं.

‘सगळी बौद्ध मुलं.’

नाही. लडाख स्काउट्समध्ये बौद्ध आहेत तसे कारगिल भागातले मुस्लिमही आहेत. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती. लेहमध्ये बौद्ध जास्त, कारगिलमध्ये मुस्लिम जास्त. दल संबंध लडाखचं आहे. रिंचेन यांनी १९७१ मध्ये घेतलेल्या गावांत राहणारे लोकही बल्ती मुस्लिम, त्यांची बल्ती बोली लडाखीची सख्खी बहीण. ‘की की सो सो ल्हार्ग्यालो’ ही रेजिमेंटची युद्धघोषणा, अर्थ साधारण ‘देवांचा विजय असो’. ही आरोळी मुळात खिंडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर लडाखी माणूस देतो ती. तेवढ्यावरून दलाला एका धर्माचा शिक्का मारू नये. एवढं सांगून पुढे जातो, कारण यात वादाला जागाच नाही.

‘डोंगरात जन्मले, त्यांना थंडी आणि उंची बाधत नाही.’

हे वाक्य स्तुतीचं वाटतं, आणि म्हणून ते खोडणं अवघड जातं. पण याच वाक्याने त्या जवानाचा घाम, सराव आणि धोका एका झटक्यात नाहीसा होतो. जे जन्मजात मिळालं त्याचं श्रेय कोणाला द्यायचं?

त्यात खरं किती, ते आधी मान्य करू. तिबेटी वंशाच्या लोकांच्या शरीरात उंचीशी जुळवून घेणारे काही आनुवंशिक गुण आहेत. मैदानातला माणूस वर गेला की त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन फार वाढतं, रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो. तिबेटी लोकांमध्ये ही वाढ आटोक्यात राहते. लडाख्यांचंही त्या लोकांशी रक्ताचं नातं आहे, तेव्हा थोडा फायदा त्यांनाही आहे.

पण नुब्रातलं गाव साधारण दहा हजार फुटांवर असतं. युद्ध झालं ते अठरा हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. दहा हजार फुटांवर वाढलेलं शरीर अठरा हजारांना आपोआप तयार होत नाही. लष्कराचा नियम टप्प्याटप्प्याने वर चढण्याचा आहे: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, त्याहून वर आणखी चार. आणि उंचावर वाढलेला माणूस काही काळ खाली राहून परत वर गेला तर त्याच्याही फुप्फुसात पाणी भरू शकतं. हे डॉक्टरांनी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात अनेक दशकांपूर्वी नोंदवलं आहे. खाली प्रशिक्षणाला जाऊन आलेला लडाखी जवान त्याला अपवाद नाही.

थंडीचं तर बोलूच नये. हिमदंश वंश विचारत नाही. वर सांगितलेली निम्मी प्लाटून आठवा. ती सगळी नुब्राची पोरं होती, त्याच बर्फात खेळून मोठी झालेली. ‘यांना थंडी बाधत नाही’ असं म्हणणाऱ्याने त्या माणसांच्या बोटांचा विचार करावा. त्यांना थंडी बाधली, आणि तरी ते चढले.

त्यांच्याकडे जास्तीचं होतं ते ज्ञान. कोणता उतार दुपारी घसरतो, कोणत्या ओढ्यावरचा बर्फ मे महिन्यात पोकळ होतो, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने चढायचं. हे रक्तात येत नाही, बापाकडून आणि चुलत्याकडून शिकावं लागतं, आणि शस्त्र-दारूगोळ्याचं ओझं पाठीवर असताना ते वापरायला पुन्हा वेगळं शिकावं लागतं.

‘मेजर सोनम वांगचुक यांनी पुढे बर्फाचे स्तूप बांधले.’

सोनम वांगचुक हे लडाखमधलं सर्रास आढळणारं नाव आहे. बर्फाचे स्तूप बांधणारे सोनम वांगचुक हे अभियंते आणि शिक्षणक्षेत्रातले कार्यकर्ते. महावीरचक्र मिळवणारे सोनम वांगचुक हे सैन्यातले अधिकारी, मूळ नेमणूक आसाम रेजिमेंटमधली, युद्धाच्या वेळी लडाख स्काउट्सच्या इंडस विंगमध्ये. दोघांचंही काम मोठं आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या श्रेयाची गरज नाही. फिरणाऱ्या मजकुरासोबत बहुतेक वेळा फोटोही चुकीच्याच माणसाचा असतो.

मेजर वांगचुक यांनी केलं ते असं. ३० मे १९९९ ला बटालिक भागात चोरबाट लाच्या कड्यावर, सुमारे अठरा हजार फुटांवर, चाळीसेक जवानांची त्यांची तुकडी ठाणं बसवायला निघाली होती. पाठीशी तोफखाना नव्हता. वरून दबा धरून बसलेल्या शत्रूने गोळीबार सुरू केला. त्यांनी तुकडी विखरू दिली नाही. बाजूने चढून शत्रूवरच उलटा छापा घातला, माणसं मारली, मशीनगन हस्तगत केल्या आणि कडा मोकळा केला. द्रासजवळचं तोलोलिंग शिखर परत मिळायला तेव्हा अजून दोन आठवडे होते. सगळीकडून वाईट बातम्या येत असताना आलेली ही पहिल्या काही चांगल्या बातम्यांपैकी एक.

वरून आलेल्या त्या पहिल्या गोळीबारात तुकडीतला एक एनसीओ (नाईक-हवालदार दर्जाचा सैनिक) जागीच पडला. फिरणाऱ्या मजकुराच्या मी वाचलेल्या एकाही रूपात त्याचा उल्लेख नाही.