ब्रेक नसलेल्या सीटवरून

माझ्या उजव्या पायाने आइसलंडमध्ये पाच दिवसांत जेवढे ब्रेक मारले, तेवढे पुण्यात वर्षभरात मारत नाही. त्यातला एकही लागला नाही. लागणार कसा? पायाखाली ब्रेकच नव्हता, नुसती रबरी मॅट होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यामुळे जी उजवीकडची सीट मी सत्तावीस वर्षं हक्काने अडवली, ती तिथे सोबत आलेल्या माणसाची निघाली. समोर स्टिअरिंगच्या जागी एक कप्पा. त्यात गाडीचे कागद आणि आमच्या मेथीच्या दशम्या.

बेत असा नव्हता. मुलगी ॲमस्टरडॅमला नोकरी करते. मी निवृत्त झालो म्हणून तिने आम्हा दोघांची आइसलंडची तिकिटं काढली आणि गाडीही ऑनलाइन ठरवून टाकली, माझ्या नावावर. मी लगेच तयारीला लागलो. संगम पुलाजवळच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं. हजार रुपये फी, एक वर्ष मुदत आणि हातात एक पुस्तिका, जिच्यात मी चारचाकी चालवू शकतो हे मला न कळणाऱ्या भाषांत लिहिलेलं. हिनेही एक काढलं. "कशाला उगाच हजार रुपये घालवतेस?" असं मी तेव्हा म्हणालो होतो. मी विसरलो. ही विसरली नव्हती.

मग रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचा अभ्यास. पुण्यात त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, समोरून निम्मी जनता तशीच येत असते. तरी मी दोन महिने यूट्यूब बघून वहीत नोंदी केल्या. डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. दिवे भर दुपारीही चालू. सर्कलला आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. (आपल्याकडे ज्याची गाडी मोठी तो आधी, हा नियम जास्त सुटसुटीत आहे.) शिवाय हा देशही १९६८पर्यंत आपल्यासारखा डावीकडूनच चालत होता. त्या वर्षी २६ मेला, रविवारी सकाळी सहा वाजता, सगळे एकदम उजवीकडे गेले. ही माहिती मी हिला, मुलीला, सोसायटीच्या वॉचमनला आणि विमानात शेजारी बसलेल्या एका परक्या गृहस्थांना दिली. ते झोपले होते, पण अर्धवट.

केफ्लाविकच्या विमानतळाबाहेर गाडीवाल्यांचं ऑफिस. काउंटरवर सोनेरी दाढीचा एक शांत पोरगा. त्याने पासपोर्ट पाहिला, लायसन्स पाहिलं, पुस्तिकेला नुसतं बोट लावलं आणि क्रेडिट कार्ड मागितलं. मी कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे डेबिट आहे."

इथे माझं तत्त्व सांगणं भाग आहे. मी आयुष्यात क्रेडिट कार्ड घेतलं नाही. ऋण काढून सण करायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. कार्ड घ्या म्हणून फोन करणाऱ्या कितीतरी मुलींना मी ती ऐकवली आहे. हिने मात्र शाळेचा पगार जमा होतो त्या बँकेतून एक घेऊन ठेवलेलं, पहिल्या वर्षी फी माफ म्हणून. त्या कार्डावर आमच्या घरात झालेली सर्व व्याख्यानं माझी आहेत.

"ह्यात पैसे आहेत," मी त्या पोराला म्हणालो. जरा ठासूनच म्हणालो.

"असतील," तो म्हणाला. "पण मला ते घ्यायचे नाहीत. मला ते फक्त अडवून ठेवायचे आहेत."

पैसे असून चालत नाही, उधार मिळण्याची ऐपत असावी लागते, हे मी एकसष्टाव्या वर्षी उत्तर ध्रुवाच्या एवढ्या जवळ जाऊन शिकलो. वर, कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं पाहिजे. मी बायकोचं आहे, म्हणजे घरचंच आहे, असं सांगून पाहिलं. तोवर हिने पर्समधून कार्ड काढलं होतं. कार्डामागोमाग परमिटही. ते हिने आणलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आणि मिस्टरांनाही चालवायची असेल तर?" मी आशेने विचारलं. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे वेगळे पैसे पडतात, असं त्याने सांगितलं.

हिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "अहो, कशाला उगाच पैसे घालवायचे? मी चालवते की."

ही पुण्यात ॲक्टिव्हा चालवते. गाडी फक्त रविवारी, चिंचवडला माहेरी जाण्यापुरती. आवंढा गिळून मी एवढंच विचारलं, "तुला उजवीकडून जमेल का?"

"अख्खा देश एका सकाळीत उजवीकडे गेला म्हणता ना? मग मला काय झालंय?"

मग विम्याचा अध्याय. साधा अपघाताचा विमा भाड्यातच होता, पण त्यातही काही रकमेपर्यंतचं नुकसान आपल्या डोक्यावर. ती रक्कम क्रोनांत होती. मी मोबाइलवर रुपये करून पाहिले, तर आमची पुण्यातली गाडी विकली तरी वर थोडे टाकावे लागले असते. मग पोरगा एकेक जादा विमा पुढे सरकवू लागला. खडी उडून काच फुटली तर खडीचा. वाळूच्या वादळात रंग खरवडला, ज्वालामुखीची राख बसली तर वाळू आणि राखेचा. खडी झाली, वाळू झाली. आता सिमेंटचा काढला की दुसरा मजलाच चढवायचा.

"राख खरंच पडते?" हिने विचारलं.

"रोज नाही," तो म्हणाला. आम्ही जाणार होतो तो रस्ता एयाफ्यालायोकुलच्या पायथ्यावरून जातो. २०१०मध्ये ज्याने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली, तोच हा ज्वालामुखी. आम्ही राख घेतली. खडीही घेतली. कशाकशाला विमा नाही, ते त्याने शेवटी सांगितलं: गाडीचं पोट, नदीतून गाडी घातली तर काहीही, आणि वाऱ्याने उपटलेलं दार.

"वाऱ्याने दार उपटतं?"

त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. हिला.

गाडी छोटी पांढरी. कागदावर गाडीचं चित्र होतं, त्यावर आधीच्या ओरखड्यांच्या फुल्या. पुण्यातल्या आमच्या गाडीचं असं चित्र काढलं तर फुल्यांखाली गाडी दिसायची नाही. तिचा मागचा बंपर कुणी कधी ठोकला हा आता संशोधनाचा विषय आहे. पण दुसऱ्याची गाडी म्हटल्यावर माणसाची नजर बदलते. ड्रायव्हरकी गेली होती, निदान पंचनामा तरी माझा. रात्रीचे साडेनऊ झाले होते, पण जूनमध्ये तिथे तेव्हाही आपल्या संध्याकाळी पाचचा उजेड. मी जमिनीला गाल लावून, टाचा उंचावून शेहेचाळीस फोटो काढले. दिव्यावर एक चिलट चिकटून मेलं होतं. ते आधीचं आहे असं मी त्या पोराकडून वदवून घेतलं. त्याने ते मनापासून मान्य केलं.

आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणाला हिने इंडिकेटर दिला आणि वायपर सुरू झाले. तिकडे त्या दांड्यांचीही अदलाबदल असते. पहिले दोन दिवस आमची गाडी प्रत्येक वळणाआधी अशी कोरडी काच पुसायची. मागच्या गाड्यांनी त्यातून काय अर्थ काढला, देव जाणे. कुणी हॉर्न वाजवला नाही. मला तर ती शांतता जास्त लागत होती. निदान एकाने तरी शिवी द्यायला हवी होती, म्हणजे आपण कुठे चुकलो ते कळतं.

माझंही सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे चालू. वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की तिथे तसाच नियम आहे. पण हात ऐकेना. दुपारी दिवा चालू दिसला की पंजा उघडमीट करून समोरच्याला खूण करायची, हे आपल्याकडे रक्तातच असतं. सेल्फॉसपर्यंत मी शंभरेक लोकांना तरी खूण केली. बरेचसे हात हलवून उत्तर देत होते. "किती प्रेमळ लोक आहेत," ही म्हणाली.

नकाशा वाचायचं काम माझ्याकडे होतं. मराठी माणसाला जसं लिहिलंय तसं वाचायची सवय, त्यामुळे किर्क्युबायार्क्लोइस्तुर ह्या गावाचं नाव मी वाचून संपेपर्यंत गावच संपलं. "आइनब्रेइद ब्रू" अशी पाटी मात्र सारखी येत होती. आधी मला ते गाव वाटलं. वीस किलोमीटरनंतर पुन्हा तेच गाव. आपण रिंगणात फिरतोय अशी मला शंका आली, कारण देशाला वळसा घालणाऱ्या त्या एक नंबरच्या रस्त्याला रिंग रोडच म्हणतात. पण तो १३००हून जास्त किलोमीटरचा आहे, इतक्यात पुरा होणं शक्य नव्हतं. तेवढ्यात रस्ता चिंचोळा झाला आणि समोरून ट्रक आला. मी दोन्ही पायांनी मॅट दाबली. आइनब्रेइद ब्रू म्हणजे एकेरी पूल. एका वेळी एकाच बाजूची गाडी. ही कडेला थांबली. पलीकडे तो ट्रकवालाही थांबला. दोघांनी एकमेकांना हाताने 'या' म्हटलं. असं दोनदा झालं. पूल बराच वेळ मोकळा पडून होता. माझ्या सत्तावीस वर्षांत मोकळा पूल असा वाया गेलेला मी पाहिला नव्हता.

मेंढ्यांची धास्ती मोठी. उन्हाळ्यात त्या मोकळ्या सोडलेल्या असतात, कुंपणाबाहेरही. मेंढी गाडीखाली आली तर बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याला भरपाई द्यायची ती चालवणाऱ्याने. आई रस्त्याच्या ह्या बाजूला आणि कोकरू त्या बाजूला असेल तर खुशाल समजावं की कोकरू आत्ताच पळणार आहे. अशी जोडी दिसली की मी "मेंढी!" ओरडायचो, ही दचकायची आणि वायपर लावायची.

वारा आम्हाला वीक नावाच्या गावापाशी भेटला. समुद्र बघायला म्हणून मी उत्साहाने दार उघडलं, आणि दार माझ्या हातातून निघालं. मी हँडल सोडलं नाही. अर्धा मी गाडीत, अर्धा दाराला लोंबकळलेला, आणि डोळ्यांपुढे क्रोनांतला तो आकडा. "सोडू नका!" ही आतून ओरडत होती. लग्नाच्या चौतीस वर्षांत इतक्या कळवळ्याने तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि ते दाराबद्दल होतं. त्यानंतर गाडी लावताना ही आधी वाऱ्याकडे गाडीचं तोंड करायची. मग मी दोन्ही हातांनी दार धरून, पाळण्यातून मूल काढावं तसा स्वतःला अलगद बाहेर काढायचो.

पेट्रोल पंपावर माणूसच नाही. "झीरो बघा साहेब" म्हणणारं कुणी नाही. मी सवयीने झीरो पाहिला, आणि तो झीरोच राहिला, कारण मशीनला आधी कार्ड आणि पिन पाहिजे. ही कार्ड घेऊन उतरली. पेट्रोल तिने भरलं, मी काच पुसली. ते माझ्याच्याने झालं.

बाकी धबधबे, हिमनगांचं तळं, काळी वाळू हे सगळं आम्ही पाहिलं. फोटो कमी आहेत. मेमरी गाडीने भरली होती.

परत करताना पोरगा दुसराच होता. मी शेहेचाळीस फोटो उघडून तयारीत उभा. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, पेट्रोलचा काटा पाहिला आणि "थँक यू" म्हणाला. एवढंच! मी त्याला ते मागच्या दारावरचे तीन ओरखडे दाखवले, हे आधीचे आहेत म्हणून सांगितलं. त्याला ते दिसलेच नव्हते. आता तो वाकून बघायला लागला. हिने माझा दंड धरून मला बसमध्ये बसवलं.

सात आठवड्यांनी, आम्ही पुण्यात वरणभात जेवत असताना हिच्या फोनवर मेसेज वाजला. कार्डावरून पैसे गेले होते. गाडीवाल्यांची मेलही आली होती. एका धबधब्याच्या पार्किंगमध्ये गाडीचा नंबर कॅमेऱ्याने टिपलेला, पैसे भरलेले नव्हते. मूळ रक्कम किरकोळ, दंड त्याहून मोठा, आणि कागदोपत्री तसदीबद्दल गाडीवाल्यांची फी सगळ्यात मोठी.

"तिथे पैसे भरायला तुम्ही गेला होतात ना?"

गेलो होतो. पाटी होती, तीवर मोबाइलने पैसे कसे भरायचे ते लिहिलेलं होतं. घाई नको म्हणून मी पाटीचा व्यवस्थित फोटो काढून ठेवला होता. तो अजून आहे. सत्तेचाळीसावा.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागून बँकेत गेलो आणि क्रेडिट कार्डाचा अर्ज भरला. समोरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी शोधलं.

"काका, तुम्ही आधी कधीच कर्ज घेतलेलं नाही का? घराचं, गाडीचं, कसलंच?"

"कधीच नाही," मी ताठ बसून सांगितलं.

"मग तुमचा स्कोअरच येत नाहीये हो. पेन्शनवर जरा अवघड आहे." तिला माझी दया आली असावी. "घरात कुणाचं कार्ड आहे का? म्हणजे त्यावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन काढता येईल. फक्त त्यांची सही लागेल."

फॉर्म घरी आणून टेबलावर ठेवला आहे. ही वह्या तपासत होती. चष्म्यावरून एकदा फॉर्मकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला काही जादा पैसे पडतात का, ते विचारलंत?"