संगणकातील हृदय झटक्याची तारीख सांगत नाही

ठाण्यात घोडबंदर रस्त्यापासून नौपाड्यापर्यंत अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार पुढे पाठवला जात आहे. शास्त्रज्ञांनी संगणकात मानवी हृदयाची हुबेहूब प्रतिकृती केली आहे, एमआरआय दिला की झटका कधी येणार हे ती सांगते, त्यामुळे ईसीजी आणि अँजिओग्राफीवर पैसे घालवू नयेत, आणि औषधांच्या माणसांवरील चाचण्याही आता बंद होणार, असा त्याचा आशय आहे.

आधी झटक्याचा दावा घेतो, कारण त्यावर विसंबून कोणी तपासणी टाळली तर ते जिवावर बेतू शकते. झटका बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिनीतील मेदाचा थर फुटून तेथे गुठळी झाल्याने येतो. संदेशात जिला प्रतिकृती म्हटले आहे ते विद्युत-यांत्रिक मॉडेल, म्हणजे समीकरणांचा संच, जे मोजते ते वेगळे आहे: पेशीच्या आवरणातून सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, कसे ये-जा करतात, त्यातून उठलेली विद्युत लहर स्नायूत कशी पसरते आणि पेशीत वाढलेल्या कॅल्शियममुळे स्नायू कसा आकसतो. मेदाचा थर केव्हा फुटेल, हा प्रश्न त्या समीकरणांत नसतोच. झटका येऊन गेल्यावर स्नायूत उरलेल्या व्रणाभोवती विद्युत लहर गोल फिरत राहून घातक अनियमित ठोके सुरू होतील का, हे मात्र अशी मॉडेल तपासू शकतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने रुग्णांच्या एमआरआयवरून हेच काम केले आहे. त्यातून मिळतो तो धोक्याचा अंदाज.

‘हुबेहूब’ हा शब्दही टिकत नाही. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये स्क्विड या समुद्री जीवाच्या चेतातंतूसाठी मांडलेल्या समीकरणांच्या आधारे डेनिस नोबल यांनी 1960 मध्ये हृदयपेशीचे पहिले मॉडेल संगणकावर चालवले. निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशीचे 2011 मधील ओहारा-रूडी मॉडेल शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांवरील मोजमापांवर उभे आहे, म्हणजे ते एका व्यक्तीचे नव्हे. एमआरआयमधून हृदयाचा आकार आणि व्रण कळतो. तुमच्या पेशींतील आयनवाहिन्या, म्हणजे आयन ये-जा करण्याची आवरणातील दारे, किती आणि कशा आहेत, हे त्यातून कळत नाही, आणि तेथे सरासरीच भरावी लागते. माझ्या मते या क्षेत्राची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, आणि संदेशात नेमकी तीच गाळलेली आहे.

औषधांबाबतच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. हर्ग नावाची पोटॅशियम वाहिनी अडवणाऱ्या काही औषधांनी ठोके जीवघेणे बिघडतात. पण व्हेरापामिल हे हृदयविकारावरील औषध ती वाहिनी अडवूनही तसा धोका सहसा निर्माण करत नाही, कारण ते कॅल्शियम वाहिनीही अडवते. असा एकत्रित परिणाम संगणकावर तपासण्याचा सिपा हा आंतरराष्ट्रीय उपक्रम 2013 मध्ये सुरू झाला. मात्र त्याने धोकादायक रेणू लवकर ओळखता येतात. औषध गुणकारी आहे का आणि इतर अवयवांना सोसते का, यासाठी माणसांवरील चाचण्या लागतातच.

ईसीजी अनावश्यक ठरवणे तर उलटेच आहे, कारण अशा मॉडेलचे उत्तर बरोबर आहे का, हे बऱ्याचदा रुग्णाच्या ईसीजीशी ताडूनच पाहिले जाते. छातीत दाब येऊन घाम फुटला तर 108 वर फोन करावा आणि ईसीजी ताबडतोब काढून घ्यावा. रक्तवाहिनी नेमकी कोठे बंद आहे, हे अँजिओग्राफीतच दिसते. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी निदान तपासण्यांविषयीचे वाक्य त्याच गटावर मागे घ्यावे, अशी विनंती आहे.