शोक पात्राचा, तक्रार लेखनाची

मालिकेतील एखादे प्रमुख पात्र मारले गेले आणि प्रेक्षक संतापले, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ज्यांना खऱ्याखोट्यातला भेद कळत नाही तेच काल्पनिक माणसासाठी रडतात, हे वेड समाजमाध्यमांनी लावले, चिडलेले लोक चार दिवसांत सारे विसरतात, आणि लेखकाने त्यांचे ऐकले तर कथेचे मातेरे होते. यातले शेवटचे विधान अर्धे खरे आहे. उरलेली तीन तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पहिले विधान तर स्वतःच्याच पायात अडकते. ज्याला पात्राचा मृत्यू खराच वाटला, तो लेखकाला जाब कशाला विचारील? संतापलेला प्रेक्षक ‘याला का मारलेत?’ असे विचारतो, कारण हा मृत्यू कोणीतरी लिहिलेला आहे आणि तो टाळता आला असता, हे त्याला पक्के ठाऊक असते. काल्पनिक आहे हे जाणूनही शोक होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायी भाव सांगितला आहे, तो प्रेक्षक भ्रमिष्ट असतात असे समजून नव्हे. मालिकेत त्याला सवयीची जोड मिळते. नाटकातला नायक दोन-तीन तासांत निरोप घेतो, मालिकेतला वर्षानुवर्षे ठरल्या वेळी घरात येत राहतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी अशा एकतर्फी जवळिकीचे विवेचन १९५६ मध्येच केले होते.

समाजमाध्यमांवरील आरोपाला तारखाच उत्तर देतात. २२ सप्टेंबर १९५५ रोजी बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या नभोनाट्यमालिकेत, जळत्या तबेल्यातून घोड्याला वाचवायला गेलेली ग्रेस आर्चर मरण पावली, तेव्हा हळहळणाऱ्या आणि रागावलेल्या श्रोत्यांच्या दूरध्वनींचा व पत्रांचा पाऊस पडला. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका २००० साली सुरू झाली. तिच्यातल्या मिहीर विराणीच्या मृत्यूनंतर उसळलेला क्षोभही समाजमाध्यमांच्या आधीचाच.

तिसऱ्या विधानापाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण प्रेक्षक विसरतात की नाही, हे मृत्यू कसा सांगितला यावर बरेच अवलंबून असते. लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेत १८ मार्च १९७५ रोजी, सेवामुक्त होऊन घरी निघालेल्या, रुग्णालयाचा प्रमुख असलेल्या हेन्री ब्लेकचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेल्याची वार्ता शस्त्रक्रियागृहात वाचून दाखवली जाते आणि डॉक्टर हातातले काम थांबवू शकत नाहीत. संतप्त पत्रे तेव्हाही आली. पण युद्धावरच्या कथेत युद्धासारखाच अकारण आलेला हा मृत्यू प्रेक्षकांनी अखेर पचवला, मालिका आणखी आठ वर्षे चालली आणि १९८३ चा तिचा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. याउलट ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी मालिकेने २०१५ मध्ये ग्लेन हे पात्र मेल्याचा आभास निर्माण करून त्याला काही आठवड्यांनी जिवंत दाखवले, २०१६ च्या एप्रिलमध्ये कोणाचा बळी गेला हे लपवून प्रेक्षकांना सहा महिने ताटकळत ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये ग्लेनला खरोखरच अत्यंत क्रूरपणे मारले. तो भाग सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. त्यानंतर प्रेक्षकसंख्या जी उतरली ती पुन्हा त्या पातळीवर आली नाही. उतरणीचे खापर या एकाच प्रसंगावर फोडणे चुकीचे ठरेल, तरी ‘चार दिवसांत विसरतात’ हे विधान येथे लागू पडत नाही. लोक मृत्यूपेक्षा त्याभोवतीच्या लपंडावावर अधिक चिडले होते, असे माझे मत आहे.

उरले लेखकाने ऐकण्याचे. मिहीर परत आला, तसा ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेतला बॉबी युइंगही परत आला: १९८५ मध्ये मेलेला हा माणूस १९८६ मध्ये न्हाणीघरात अंघोळ करताना दिसला आणि मधले अख्खे वर्ष त्याच्या घटस्फोटित पत्नीचे स्वप्न ठरले. कथेचे मातेरे म्हणतात ते हेच, आणि एवढ्यापुरता तो मजकूर बरोबर आहे. (लेखकांना किंवा नटांना धमक्या देणाऱ्यांची बाजू तर कोणीच घेऊ नये.) परंतु नाराजी ऐकणे म्हणजे मेलेल्याला उठवणे नव्हे, घाईने उरकलेला किंवा केवळ धक्क्यासाठी योजलेला मृत्यू का खुपला, एवढे समजून घेतले तरी पुढचे लेखन सुधारू शकते. शिवाय बॉबीचे पुनरागमनही अनेकांना फसवणूक वाटले, कारण वर्षभर ज्या घटनांत ते गुंतले होते त्या घडल्याच नव्हत्या, असे त्यांना एका दृश्यात सांगण्यात आले होते.